टाळ वाजतात, पाटी मात्र कोरी



आपल्या प्रत्येक बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते. "गावोगावी हरिपाठ चालू आहे, कार्तिकात काकडा होतो, सप्ताह होतात. मग मराठीला काय धाड भरली आहे?" ही शुद्ध आत्मवंचना आहे.

सप्ताहात बारा वर्षांचा मुलगा चाल न चुकवता अभंग म्हणतो. पुढ्यातली वही पाहावी तर शब्द तेलुगू लिपीत उतरवलेले. अर्थ विचारला की तो आजोबांकडे बघतो. बँकेच्या काउंटरवर मी तेच पाहतो. आजोबा मराठीत सही करतात. नातवाला आजोबांचे नावही देवनागरीत लिहिता येत नाही.

याचा शेवट कुठे होतो, हे स्कॉटलंडने दाखवले आहे. तिथली जुनी भाषा गेलिक. १८७२ च्या शिक्षण कायद्यात तिला स्थानच दिले नाही. भाषा टिकावी म्हणून १८९२ साली ओबान गावी 'मॉड' हा गायनस्पर्धांचा उत्सव सुरू झाला. गावोगावची गायनमंडळे आजही तिथे गेलिक गीते गातात. पण त्यांतल्या कित्येक गायकांना ती भाषा बोलता येत नाही, शब्द नुसते पाठ केलेले असतात. गाणे टिकले, बोलणारे घटत गेले. २०११ च्या जनगणनेत ते जेमतेम ५७ हजार होते. गेलिक माध्यमाचे वर्ग उघडले १९८५ मध्ये, म्हणजे मॉडनंतर तब्बल ९३ वर्षांनी! २०२२ मध्ये आकडा पुन्हा वाढलेला दिसला. धडा स्पष्ट आहे : भाषेला गाण्याबरोबर शाळाही लागते.

आपल्याकडे हक्क कागदावर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, आपण इकडेच राहिलो. त्याच वर्षी घटनेत ३५०-अ कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी, असे ते सांगते. तेलुगूला आपला विरोध नाही. २०१८ च्या कायद्याने ती शाळांत सक्तीची झाली आहे आणि या मातीत राहायचे तर ती यायलाच हवी. पण तेलुगू शिकणे म्हणजे मराठी विसरणे नव्हे.

दोष एकट्या सरकारचाही नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण सर्वांनी मानला. पण त्यानंतर पहिलीत मराठीसाठी मुलाचे नाव किती घरांनी घातले? मंचावरून मराठीचा गजर करणाऱ्यांची मुले कोणत्या शाळेत जातात, हे सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून मागणी तीनच गोष्टींची. प्रत्येक भजनी मंडळाने भजनाआधी अर्धा तास मुलांना बाराखडी व वाचन शिकवावे. पालकांनी सह्यांनिशी अर्ज करून मराठी शिक्षक मागावा आणि अर्जाची पोच घ्यावी. जनगणनेचा कर्मचारी दारी येईल तेव्हा मातृभाषा मराठीच नोंदवावी. मोजले न गेलेल्यांना कोणी शाळा देत नाही.

नाहीतर टाळ वाजत राहतील, आणि आपल्याच अभंगाचा अर्थ आपल्याच नातवंडांना सांगायला बाहेरचा माणूस बोलवावा लागेल.