निवडणूक सबकुछ टपाली?

मतदान केंद्रेच बंद करा, प्रत्येकाच्या घरी मतपत्रिका पाठवा आणि भरलेले पाकीट टपालाने परत मागवा, ही सूचना आपल्याकडे अधूनमधून डोके वर काढते. मुंबईचा टक्का घसरला, मजुरांना गावी जाता आले नाही, शाळेचे मास्तर निवडणुकीच्या कामाला जुंपले गेले, की तिला जोर येतो. पुरावा म्हणून बोट दाखवले जाते अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याकडे. पुरावा खोटा नाही. १९९८ मध्ये तिथल्या मतदारांनीच कौल देऊन ही पद्धत स्वीकारली आणि २००० ची अध्यक्षीय निवडणूकही तशीच पार पडली. टपाल म्हणजे बनावट मतांचा सुळसुळाट, या आक्षेपालाही ओरेगॉनने उत्तर दिले आहे. तो आक्षेप माझा नाही.

पण ओरेगॉन नेमके करते काय? पाकिटावरची सही नोंदणीच्या वेळच्या सहीशी ताडून पाहिली जाते. जुळली नाही तर मतदाराला कळवून दुरुस्तीची संधी मिळते. पाकिटे टाकायला टपालाखेरीज निवडणूक कार्यालयांच्या स्वतंत्र पेट्या आहेत. कोलोरॅडोने २०१३ मध्ये घरपोच मतपत्रिकेचा कायदा केला, तरी समक्ष मत देण्याची केंद्रे राखलीच. ज्यांना निव्वळ टपाली म्हणून मिरवले जाते ती राज्येही निव्वळ टपालावर विसंबत नाहीत.

इंग्लंड विसंबले. २००४ मध्ये चार विभागांत युरोपीय व स्थानिक निवडणुका पूर्ण टपाली झाल्या. मतदान वाढले, हे मान्य. पण मतपत्रिकांची छपाई रखडली, साक्षीदाराच्या सहीच्या फॉर्मने लोक गोंधळले आणि अखेर तिथल्या निवडणूक आयोगानेच सक्तीचे टपाली मतदान पुन्हा नको, असा सल्ला दिला. त्याच वर्षी बर्मिंगहॅममध्ये सक्ती नव्हती, मागेल त्याला टपाली मतपत्रिका होती. तिथल्या दोन वॉर्डांच्या निवडणुका न्यायाधीशांनी टपाली मतांतल्या गैरप्रकारांमुळे रद्द ठरवल्या. ऑस्ट्रियाचा किस्सा तर हसावे की रडावे असा. २०१६ मध्ये टपाली पाकिटे नियम मोडून उघडल्याच्या कारणावरून तिथल्या घटना न्यायालयाने राष्ट्राध्यक्षपदाची फेरी रद्द केली. फेरमतदान ऑक्टोबरात ठरले आणि तेही डिसेंबरवर गेले, कारण पाकिटांचा डिंक चिकटेना!

आता आपल्याकडे या. गुजरातेत धोळक्याची जागा २०१७ मध्ये ३२७ मतांनी जिंकली गेली आणि बाद ठरलेली टपाली मते होती ४२९. उच्च न्यायालयाने २०२० मध्ये ती निवडणूक रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने निकालाला स्थगिती दिली. २०२४ मध्ये वायव्य मुंबईत यंत्रांवरच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते धरून रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. बाद झालेल्या १११ टपाली मतपत्रिका त्या दिवशी पुन्हा तपासाव्या लागल्या. दोघांची मिळून नऊ लाखांवर मते, त्यांत टपाली जेमतेम तीन हजार, आणि एवढा घोळ. नऊच्या नऊ लाख पाकिटे आली तर प्रत्येकावरचे प्रतिज्ञापत्र, सही, साक्षांकन तपासणार कोण, आणि किती दिवस? आपल्या मतदार यादीत फोटो असतो, ताडून पाहायला सही नसते.

तरी छपाई, डिंक, सही या गोष्टी पैसा आणि माणसे ओतून सुधारतील. सुधारणार नाही ती गुप्तता. केंद्रावरच्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे नवरा येऊ शकत नाही, सासरा नाही, सरपंच नाही, मुकादमही नाही. घरात आलेली मतपत्रिका मात्र सगळ्यांसमोर उघडते. साहित्य संमेलनाचा अध्यक्ष वर्षानुवर्षे टपाली मतांनी निवडला जायचा. मतदार हजाराच्या आसपास, बहुतेक सुशिक्षित, पुष्कळसे लेखक. तरी गठ्ठा मतदानाची कुजबुज थांबली नाही आणि २०१८ मध्ये साहित्य महामंडळाने ती निवडणूकच मोडीत काढली. साहित्यिकांचे हे, तर ऊसतोड कामगारांच्या कोऱ्या मतपत्रिका कोणाच्या हाती जमा होतील हे सांगायला ज्योतिषी नको.

आपला आयोग हे ओळखून असावा. निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्यांनी टपाली मतपत्रिका घरी न नेता सुविधा केंद्रातच मत नोंदवावे, असा नियम २०२३ मध्ये झाला. ८५ वर्षांवरील मतदारांकडे तर पथकच घरी जाते. नाव टपाली, पण आडोसा सरकारच्या देखरेखीखालचा. हीच दिशा बरोबर आहे.

सीमेवरच्या जवानाला टपाल हवेच. परदेशातल्या भारतीय नागरिकाला आज मतासाठी मायदेशी यावे लागते. त्यालाही टपालाची सोय द्यावी. स्थलांतरित मजुरासाठी मात्र पाकीट नको, तो राबतो तिथेच केंद्र हवे. ७२ मतदारसंघ हाताळणारे दूरस्थ मतदान यंत्र आयोगाने २०२३ च्या जानेवारीत पक्षांपुढे मांडले; पक्षांचे आक्षेप आले आणि विषय मागे पडला. तो पुन्हा काढा, आक्षेपांना उत्तरे द्या. आणि शहरांत टक्का वाढवायचा असेल तर केंद्रे वाढवा, रांगा तोडा, मे महिन्याच्या उन्हात मंडप घाला.