पाटी बदला ना!

म्युझियममध्ये गेल्यावर तुम्ही काय करता? खरं सांगा! फोटो काढायचा, पाटी वाचायची आणि पुढे सटकायचं. म्हणजे वस्तू आपल्याला कळते ती पाटीवर लिहिलेली असते तेवढीच. म्हणूनच पाटीवर काय लिहिलंय, हे महत्त्वाचं.

पोकोट लोकांच्या वस्तूंचंच बघा. केनियाचा वायव्य भाग आणि लगतचा युगांडा हा त्यांचा मुलुख, गुरं हे त्यांचं धन. इंग्रजांनी त्यांना ‘सुक’ म्हटलं. १९११ साली बीच नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावही ‘द सुक’. जुन्या संग्रहांत तेच नाव चिकटलं.

आता त्यांचं छोटं लाकडी स्टूल घ्या. पुरुष त्यावर बसतात आणि झोपताना मानेखालीही घेतात. का? तर मातीने लिंपून सजवलेले केस विस्कटू नयेत म्हणून! पाटीवर नुसतं ‘स्टूल’ लिहिलं, की ही सगळी गंमत गायब.

दुधाच्या भोपळ्याचंही तेच. त्यात झाडाची राख घालून दूध आंबवतात. ते आजही बनतं. मग पाटीवर ‘वापरत असत’ असा भूतकाळ कशाला? जिवंत माणसांना आपण इतिहासजमा का करतो?

माझं म्हणणं इतकंच : वस्तू गोळा करणाऱ्याचं नाव असतं, तर बनवणाऱ्या बाईचंही शोधा. वस्तूचं पोकोट नाव लिहा. आणि पाटी लिहिण्याआधी पोकोट माणसालाच विचारा.

तुम्हीही पुढच्या वेळी पाटी वाचून लगेच सटकू नका. ‘हे कुणी बनवलं?’ एवढं तरी विचाराच!