गुराख्याचा आवाज



मागल्या पंधरवड्यात चिंताकीच्या शिवारातून सायंकाळी परतत असता आम्हांस एक मौजेचे दृश्य दिसले. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा गुरे घराकडे वळवीत होता. दोन पायांत तुराटी धरून तिचा त्याने घोडा केला होता. डोक्यावरची टोपी कपाळावर ओढली होती, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांचे पिस्तूल करून तो बांधाआडच्या शत्रूवर तोंडानेच गोळ्या झाडीत होता. "हे काय रे सोंग?" असे विचारताच छाती फुगवून तो म्हणाला, "काउबॉय!" थोरल्या भावाच्या मोबाईलवर त्याने तो चित्रपट पाहिला होता. इतक्यात त्याच्याच वयाचा दुसरा एक मुलगा दप्तर पाठीस लावून सायकलवरून गेला आणि जाता जाता ओरडला, "ए गुराख्या!" त्यासरशी घोडा गळून पडला, पिस्तूल नाहीसे झाले, आणि आमचा वीर मान खाली घालून गुरांमागे चालू लागला.

त्या बालकास हे कोणी सांगितलेच नव्हते की, ज्या नावाने त्याची छाती फुगली आणि ज्या नावाने त्याची मान खाली गेली, त्या दोन्ही नावांचा अर्थ एकच आहे. काउबॉय म्हणजे गाईंमागचा पोर. म्हणजेच गुराखी!

हा गुराखी जगभर वीर म्हणून कसा गाजला, आणि आमचा गुराखी घरच्या अंगणात हलका कसा ठरला, याचा विचार आज आपण करू.

अमेरिका खंडात पूर्वी पाळीव गाई नव्हत्या. स्पेन देशाच्या लोकांनी त्या जहाजांतून तेथे नेल्या. त्यांच्या भाषेत गाईला 'वाका' आणि गुराख्याला 'वाकेरो' म्हणतात. काउबॉय आपला फासाचा दोर, आपले खोगीर आणि आपली विद्या या वाकेरोपासूनच शिकला. सन १७६९ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू हुनिपेरो सेरा यांनी कॅलिफोर्नियात सान दिएगो येथे पहिले मिशनकेंद्र उभारले. पुढे अशा केंद्रांभोवती गुरांचे मोठे कळप वाढले आणि बाप्तिस्मा घेतलेले तेथील आदिवासी ते राखू लागले. म्हणजे त्या भूमीवरील आरंभीच्या गुराख्यांत आपलेच धर्मबंधू होते. त्यांना सुखाचे दिवस लाभले असे मात्र नव्हे. त्यांच्यावर सक्ती झाली, अन्यायही झाला. अमेरिका जिंकली गेली त्या काळी मूळ रहिवाशांविरुद्ध घडलेल्या पापांबद्दल पोप फ्रान्सिस यांनी सन २०१५ मध्ये बोलिव्हिया देशात क्षमा मागितली, हे येथे नमूद केले पाहिजे.

ज्याला आपण चित्रपटात पाहतो त्या काउबॉयचा काळ फार थोडा होता. सन १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, तेव्हा टेक्सास प्रांतात लांब शिंगांची लाखो गुरे मोकळी हिंडत होती. तेथे एका जनावरास चार डॉलर मिळणे कठीण, तर उत्तरेकडील शहरांत त्यालाच चाळीस डॉलरपर्यंत भाव. मध्ये रेल्वे नव्हती. तेव्हा सन १८६७ पासून कॅन्सस प्रांतातील ॲबिलीन गावच्या रेल्वेस्थानकापर्यंत गुरे पायी हाकून नेण्यास प्रारंभ झाला. दोन-अडीच हजार गुरे, त्यांच्यामागे दहा-बारा माणसे, दिवसाकाठी पंधरा-वीस किलोमीटरची चाल, आणि असे दोन-तीन महिने! मजुरी महिन्याला तीस-चाळीस डॉलर. धूळ, पूर, वीज आणि बिथरलेल्या कळपाची धाव हे त्यांचे खरे शत्रू. गोळीने मेले त्यांपेक्षा घोड्यावरून पडून आणि नदीत बुडून अधिक मेले असावेत. डॉज सिटीसारख्या गावांत तर पिस्तूल बाळगून हिंडण्यास कायद्यानेच मनाई होती. इतिहासकारांच्या अंदाजाप्रमाणे या गुराख्यांत चौघांमागे एक काळ्या वर्णाचा होता. कित्येक तर जन्माने गुलाम होते. पुढे काटेरी तार आली, रेल्वे सर्वत्र पसरली, आणि १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात असंख्य गुरे गारठून मेली. वीस वर्षांत सारा खेळ आटोपला.

मग हा पिस्तूलवाला वीर आला कोठून? तो आला लेखणीतून. सन १९०२ मध्ये 'द व्हर्जिनियन' ही कादंबरी लिहून ज्यांनी त्याला घडविले ते ओवेन विस्टर फिलाडेल्फिया शहरातील वकील होते. सन १९१२ मध्ये 'रायडर्स ऑफ द पर्पल सेज' लिहून ज्यांनी त्याला घरोघर पोहोचविले ते झेन ग्रे मूळचे दंतवैद्य. दोघेही शहरात वाढलेले, सुशिक्षित गृहस्थ. त्यांनी गुराख्याला घोडा दिला, बंदूक दिली, प्रेयसी दिली. फक्त त्याची गुरे मात्र कथेतून हळूहळू नाहीशी झाली! याउलट गुलामगिरीत जन्मलेल्या आणि पुढे खरोखरच काउबॉय झालेल्या नॅट लव्ह यांनी सन १९०७ मध्ये आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यांचे नाव आज आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

हे वारे आपल्या कर्नाटकातही आले. 'शोले' हा चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला, हे थोरांस आठवत असेल. त्याचे रामगढ वसविले गेले होते ते बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत. घोडे, बंदुका, डाकू, ओसाड माळ, सारे काही अमेरिकी धाटणीचे. गब्बरसिंग सर्वांच्या तोंडी आहे; रामगढची गुरे कोण राखीत होता, हे कोणी विचारीत नाही.

परंतु आपल्या मराठी वाङ्मयाने दुसरीही वाट दाखविली आहे. कर्नाटकातील धारवाडला राहून जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्या 'रान', 'शिवार' आणि 'गाव' या नावांनी मराठीत आणल्या. त्यांतील प्रमुख पात्र बंदूकधारी वीर नसून, घनदाट अरण्यात संसार मांडून त्याचे शिवार करणारी एक कष्टाळू स्त्री आहे. आणि व्यंकटेश माडगूळकर यांची सन १९५५ मधील 'बनगरवाडी' तर आपल्या माणदेशातीलच. धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो तेव्हा शाळेत पोरेच नसतात, कारण पोरे मेंढरांमागे गेलेली असतात. तो मास्तर चिकाटीने त्यांना गोळा करतो. या कादंबरीत एकही घोडेस्वार दौडत येत नाही, तरी वाचकाचा जीव गुंतून राहतो. कारण तेथे मेंढपाळ मेंढरांसह आहे, भुकेसह आहे, दुष्काळासह आहे.

आता गाण्याकडे वळू. खऱ्या काउबॉयच्या हाती पिस्तुलापेक्षा मोलाची एक वस्तू होती, ती म्हणजे त्याचा गळा. रात्री कळप माळावर बसला की दोन स्वार उलटसुलट दिशांनी त्याभोवती संथपणे फिरत आणि गात. हे गाणे करमणुकीसाठी नसे. अंधारात एखादी काटकी मोडली तरी हजारो गुरे बिथरून उधळत. पण ओळखीचा आवाज सतत कानी पडत असला की ती स्वस्थ राहत. म्हणून चाल संथ हवी, आवाज खालचा हवा. पुष्कळ जण लहानपणी आईकडून ऐकलेली भक्तिगीतेच गात. जॉन लोमॅक्स यांनी सन १९१० मध्ये अशा गुराखीगीतांचा संग्रह छापला. पुढे रेडिओ आला, ध्वनिमुद्रिका आल्या, आणि खेडुतांच्या या व इतर गीतांतून अमेरिकेचे 'कंट्री' संगीत वाढले.

ते संगीत आपल्या घरांस अगदीच परके नाही. टेक्सासात जन्मलेले गायक जिम रीव्हज यांची नाताळगीतांची ध्वनिमुद्रिका सन १९६३ मध्ये निघाली. दुसऱ्याच वर्षी, ३१ जुलै १९६४ रोजी, विमान अपघातात त्यांचा अंत झाला. पण गोवा, मंगळूर, मुंबईकडील कॅथलिक कुटुंबांत त्यांचा आवाज पुढे कित्येक वर्षे नाताळच्या दिवसांत घुमत राहिला. त्या आवाजात आरडाओरडा नाही, ताना नाहीत. कोणी अंधारात जवळ बसून धीर देत आहे असे वाटते. कळप निजविणाऱ्या त्या रात्रीच्या गाण्याचेच हे दूरचे नातेवाईक म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

आता आपल्या शिवारात परत येऊ. बीदर जिल्हा आणि शेजारचा लातूर जिल्हा म्हणजे देवणी गुरांचे माहेर. वानेरा, बालंक्या, शेवरा असे त्यांचे रंगावरून भेद आहेत, आणि कोणता वासरू कोणत्या वळणाचा निघेल हे आमचा गुराखी दुरून सांगतो. कोणत्या ओढ्यास चैत्रात पाणी टिकते, कोणता पाला गुरास बाधतो, कोणती गाय आज उदास आहे, हे त्यास ठाऊक असते. तो जीभ टाळ्यास लावून एक विशिष्ट आवाज काढतो आणि चाळीस जनावरे माना वर करतात. मालकाने तोच आवाज काढून पाहावा, एकही हलणार नाही! ही विद्या नव्हे काय? तथापि या विद्येबद्दल त्याच्या पदरात पडते ती थोडीशी राखोळी, आणि वर "शिकला नाहीस तर गुरे राखशील" ही धमकी आपण घरोघर मुलांना देतो. ज्या कामाचे नाव शिवी म्हणून वापरतो, त्याच कामाचे दूध सकाळी चहात घालतो.

आम्हांस कोणी चुकीचे समजू नये. गुराखी थोर आहे म्हणून मुलांनी शाळा सोडून गुरांमागे जावे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क आहे. तो कायदा सन २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. राखोळीच्या चार पैशांसाठी मुलाचे नाव शाळेच्या पटावरच राहू देणे हा अपराध आहे, मग तो बापाने केलेला असो वा गुरांच्या मालकाने. परंतु त्या मुलास शाळेत आणणे आणि त्याच्या कामाची लाज त्याच्या मनात भरविणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जरूर करावी, दुसरी कधीही करू नये. मोठ्यांनी पाळीपाळीने गुरे राखली, तर पोरांच्या शाळेचे तास सहज मोकळे होतील.

पवित्र शास्त्रात एक प्रसंग आहे. शमुवेल संदेष्टा इशायच्या घरी राजा निवडण्यास आला. इशायने एकामागून एक सात मुलगे पुढे उभे केले. आठवा मेंढरांमागे गेला होता. त्याला बोलवावे असे बापाच्याही मनात आले नाही! "आणखी कोणी आहे काय?" असे विचारावे लागले, तेव्हा दावीद घरी आला. तो गुराखीही होता आणि गायकही. त्याच्याच बेथलेहेम गावी पुढे तारणाऱ्याच्या जन्माची वार्ता सर्वांआधी मिळाली ती रात्रीची राखण करणाऱ्या मेंढपाळांना. आणि प्रभूने स्वतःस उत्तम मेंढपाळ म्हणवून घेतले तेव्हा खूण कोणती सांगितली? मेंढरे त्याचा आवाज ओळखतात, ही!

म्हणून वाचकहो, येत्या रविवारी मिस्सा सुरू होण्यापूर्वी चर्चमधील बाकांवर एकवार नजर टाका. मुले मोजा. एखादे कमी भरले तर इशायच्या घरचा तो प्रश्न स्वतःस विचारा आणि शिवाराकडे माणूस पाठवा. त्याची गुरे तासभर आपण राखू. तो आला की धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याला एवढेच विचारू, "बाळ, तू गुरांना कशी हाक मारतोस रे? आम्हांस एकदा ऐकव." ती हाक साऱ्या वर्गाने ऐकली, म्हणजे पुढच्या वेळी "ए गुराख्या!" असे कोणी ओरडले तरी त्याची मान खाली जाणार नाही.