पगार कंपनीचा, ज्वारी घरची



मागे आम्ही चौघे जण पुण्याला गेलो होतो. काम दुसरेच होते, मुक्काम मात्र कसबा पेठेत आपल्याच भागातल्या पोरांच्या खोलीवर पडला. जुन्या वाड्याचा वरचा मजला, सहा खाटा, एक मोरी आणि दाराआड उभे केलेले ज्वारीचे अर्धे पोते. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून ते गावाहून आलेले. सहांपैकी चौघे पोरे मोठ्या दुकान-कंपन्यांत नोकरीला. गावात त्यांचे आईबाप ‘पोरगा मॉलमध्ये लागला’ असे सांगतात आणि चार माणसे माना डोलवतात.

आम्हीही आजवर माना डोलवत आलो. त्या पोत्याकडे पाहून मात्र मनात आले की कापसाच्या क्विंटलचा उत्पादन खर्च काढायला आपण शिकलो, पोराच्या महिन्याचा उत्पादन खर्च कोणी काढला? जेवणे झाल्यावर वही घेऊन बसलो.

आधी भरतीची गोष्ट. मुलाखत पाच मिनिटांची. बारावीचे गुणपत्रक, आधार, पॅन, बँकेचे पासबुक. दिवसभर उभे राहून काम जमेल का? शनिवार-रविवार सुट्टी मिळणार नाही, चालेल का? दिवाळीत गावी जायचे नाही, कबूल? पोराने सगळ्याला हो म्हटले. न म्हणून सांगतो कुणाला? दसरा-दिवाळीला इकडे कापसाची वेचणी तोंडावर येते आणि तिकडे दुकानात वर्षाची मोठी गर्दी उसळते, म्हणजे ज्या पंधरा दिवसांत बापाला त्याचे दोन हात हवेत, त्याच पंधरा दिवसांत ते कंपनीला हवेत. सहा वर्षांत एकाही दिवाळीला घरी गेलो नाही, असे त्यातला एक जण सांगत होता. नोकरी लावून देतो म्हणून एका एजंटाने ह्याच पोराकडून सहा हजार घेतले होते. लागली ती नोकरी कोणालाही सरळ दारात जाऊन मिळाली असती.

आता त्याचा हिशेब. पगार कागदावर १५,००० रुपये. भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,८०० गेले, राज्य विम्याचे पाऊण टक्का म्हणजे ११३, व्यवसाय कर २००. हातात १२,८८७. खाटेचे भाडे ३,५००, मेस दोन्ही वेळची ३,८००, बस आणि मेट्रो १,४००, चहा-नाश्ता १,२००, मोबाइल ३५०, साबण-दाढी-कपडे ६००. खर्च झाला १०,८५०. उरले दोन हजार सदतीस. त्यात आजारपण नाही, गावचे येणे-जाणे नाही, बहिणीची राखीसुद्धा नाही.

मग पोराने काय केले? एका वेळची मेस बंद केली आणि रात्री खोलीवर भाकरी थापायला लागला. एकोणीसशे वाचले. ह्या दोन्हींतून तो बापाला दर महिन्याला तीन हजार धाडतो. बाप पारावर सांगतो, पोरगा तीन हजार पाठवतो. ह्यात खोटे काही नाही, पण वहीचे दुसरे पान कोणी उलटत नाही.

ते पान आम्ही उलटले. महिन्याला बारा किलो ज्वारी. २०२५-२६ च्या मालदांडीच्या हमीभावाने, म्हणजे क्विंटलला ३,७४९ ने, ती झाली ४५० रुपयांची. (हमीभावाने कोण घेतो, हे विचारू नका. वहीत तोच धरला.) डाळीसाठी चार किलो तूर ८,००० च्या भावाने ३२०. शेंगदाणे, तिखट, तूप मिळून चारशे. गाडीवाल्याचे पार्सल दीडशे. महिन्याचे १,३२० झाले. आता सुरुवातीचा खर्च घ्या: एजंटाचे सहा हजार, बूट-पँट अडीच हजार आणि काम शोधण्याच्या दीड महिन्यात पुण्यात बसून खाल्लेले साडेपंधरा हजार. हे चोवीस हजार बापाने कापसाच्या पैशातून दिले. पहिल्या वर्षावर वाटले तर महिन्याला दोन हजार पडतात. म्हणजे बापाकडून गेले ३,३२० आणि बापाकडे आले ३,०००. खोलीचे डिपॉझिट धरले नाही, कारण ते परत मिळेल अशी आशा आहे. तिखट कांडणाऱ्या आईची मजुरीही धरली नाही. घरच्या माणसांची मजुरी नीट धरत नाहीत म्हणून आपण सरकारी भावसमितीला इतकी वर्षे बोल लावला. स्वतःच्या वहीत आपणही तीच चूक केली.

ह्याचा अर्थ असा, की पहिले वर्षभर तरी त्या दुकानातल्या एका नोकराचा संसार कोरडवाहू शेत चालवते. कंपनीला माणूस पंधरा हजारांत परवडतो, कारण त्याची रात्रीची भाकरी तिच्या खात्यावर पडत नाही. पंचेचाळिशीत गुडघे गेले की तो परत येईल तेही शेतावरच.

हे नवीन नाही. मुंबईच्या गिरण्या अशाच चालल्या. कोकणातला, साताऱ्या-कोल्हापूरकडचा माणूस गिरणीत, बायकापोरे गावाला. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यातले कितीतरी जण गावी आले आणि गावच्या तांदळावर, भाकरीवर तगले. आपला कापूस त्या गिरण्यांत गेला तो मातीमोल, आणि त्यांचा कामगार संकटात पोसला तोही खेड्यानेच.

अमेरिकेत हे काम सरकार करते. तिथल्या संसदेच्या लेखा कार्यालयाने २०२० साली काही राज्यांत तपासले, की सरकारी अन्नसाहाय्य घेणारे नोकरदार कोणाकडे कामाला आहेत. वॉलमार्टचे नाव आघाडीच्या मालकांत निघाले. तिथे कर भरणारी जनता फरक भरते. आपल्याकडे तो भरतो दोन हेक्टरवाला.

मग पोरांना परत बोलवावे का? अजिबात नाही. महिन्याच्या सात तारखेला खात्यात पैसे पडतात, ही गोष्ट कापसाच्या धंद्यात आम्ही जन्मात पाहिली नाही. शेतकरी नवरा नको म्हणणाऱ्या पोरींच्या आईबापांनाही ‘पुण्यात कंपनीत आहे’ एवढे पुरते; त्या एका वाक्यासाठी कित्येक घरांनी हा तोटा उघड्या डोळ्यांनी सोसला आहे. त्यांना हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. पोरांनी जावे. पण बाजारात जाताना आपण काटा तपासतो, तसा नोकरीचा काटाही तपासून जावे.

काटा म्हणजे नेमणुकीचा कागद. त्या चौघांपैकी कंपनीच्या स्वतःच्या पटावर एकच होता. दोघे कंत्राटदाराचे, ज्याला पोरे ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. चौथा शिकाऊ. चौघांच्या अंगात सदरा एकच, गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. कायद्याला कळतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे शिकाऊ हा कामगारच नव्हे. त्याला पगार नाही, विद्यावेतन. भविष्य निर्वाह निधी नाही. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ ठेवणे बंधनकारक आहे, आणि २०१६ च्या केंद्रीय योजनेतून विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५००, सरकार देते. मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन नाही. कसब्यातल्या तांबट आळीत पोराला भांडे ठोकायला बसवत, तेव्हा चार वर्षांनी त्याच्या हातात धंदा असे. फळीवर साबणाच्या वड्या लावून वर्षाअखेर पोराच्या हातात काय राहते, हे त्या शिकाऊ पोराला आम्ही विचारले. तो हसला फक्त.

कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठरवले होते आणि नव्या कामगार संहितेतही ते राहिले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे सक्तीचे केले. त्या दोघा थर्ड पार्टीवाल्यांकडे कागद नव्हता, मोबाइलवर आलेला एक निरोप होता. भविष्य निर्वाह निधीचा खातेक्रमांक एकाला माहीत होता, पण त्यात पैसे पडतात का हे त्याने कधी पाहिलेच नव्हते. आमच्यासमोर पाहिले. चार महिन्यांचे पडले नव्हते, पगारातून मात्र कापलेले.

कंपनी मोठी म्हणून नोकरी पक्की, असेही कोणी धरू नये. सुभिक्षाची दीड हजारांवर दुकाने २००९ साली बघता बघता बंद पडली. बिग बझार २००१ साली निघाले, त्याचा गाजावाजा आपण सगळ्यांनी ऐकला. २०२२ मध्ये दुकानांचा ताबा दुसऱ्या बड्या कंपनीने घेतला आणि २०२४ साली मूळ कंपनी अवसायनात गेली.

आणि एक साधी गोष्ट, खुर्चीची. केरळात कापडाच्या दुकानांतल्या बायकांनी दिवसभर उभे राहण्याविरुद्ध लढा दिला. २०१८ साली तिथल्या सरकारला कायद्यात बसण्याचा हक्क घालावा लागला, २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तो घातला. त्या बाया काही फार मोठ्या संघटनेच्या नव्हत्या.

सकाळी पोरे सहाला उठली. नव्या भुयारी मेट्रोचे कसबा पेठ स्थानक २०२४ पासून सुरू झाल्यामुळे आता पाऊण तास वाचतो म्हणाली. त्यांनी पीठ संपल्याचे सांगितले आणि गावी निरोप द्यायला लावला. निरोप आम्ही दिला. बापालाही वहीचे ते दुसरे पान दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, पोत्याचे राहू द्या हो, ते आईचे असते; ते एजंटाचे सहा हजार परत मिळतील का तेवढे बघा.

ते आम्ही बघतो आहोत. ज्यांची मुले-मुली अशा दुकानांत आहेत, त्यांनी पुढच्या जिल्हा बैठकीला त्यांच्या पगारपत्रकाची आणि नेमणूकपत्राची झेरॉक्स घेऊन यावे. नसेल तर ‘नाही’ असे एका चिठ्ठीवर लिहून आणावे. बैठकीच्या आधी तासभर वही उघडून बसू.