'फॉरमॅट मार!' म्हणण्याआधी

परवा रात्री मेसवरून आलो तर रूमवर सुतकी वातावरण. रूममेटने दुपारी लॅपटॉपवरचं लिनक्स नव्या आवृत्तीवर नेलं होतं आणि रीस्टार्ट झाल्यापासून वाय-फायचं चिन्हच गायब! दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टचा रिव्ह्यू. पाच मिनिटांत अर्धी विंग गोळा झाली आणि आपल्या होस्टेलचा राष्ट्रीय सल्ला मिळाला, "फॉरमॅट मार!"

त्याने मारलं. पहाटे तीनपर्यंत जागून तीच नवी आवृत्ती पुन्हा टाकली. वाय-फाय तरीही गायब! वर प्रोजेक्ट रिपोर्टची पेनड्राइव्हवरची कॉपी निघाली महिन्यापूर्वीची. म्हणजे रोग तसाच आणि पेशंटचे हातपाय कापले, असा प्रकार.

असे पेशंट आमच्या विंगमध्ये हल्ली वाढलेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. सीनियर्सकडून घेतलेल्या जुन्या लॅपटॉपात तो कुठला असायला? मग पोरं लिनक्सकडे वळतात. चांगलंच आहे ते. पण तिथे कार्ड आणि सिस्टिम यांच्यातला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर, आणि त्याची एक गोची आहे. बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतात, पण काही कार्डांचे बाहेरून आणून त्या-त्या कर्नलसाठी वेगळे तयार करावे लागतात. कर्नल बदलला की जुना ड्रायव्हर बसत नाही. 'डीकेएमएस' तो आपोआप पुन्हा तयार करायचा प्रयत्न करतं. पण कर्नलचे हेडर्स नसतील, किंवा ड्रायव्हरचा कोड नव्या कर्नलशी जुळत नसेल, तर तेही हात टेकतं. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर दारातूनच परत पाठवला जातो.

शिवाय बऱ्याच कार्डांना सुरू होताना फर्मवेअर लागतं. डेबियनवाल्यांनी तत्त्व म्हणून बंदिस्त फर्मवेअर आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये वर्षानुवर्षं ठेवलंच नव्हतं. २०२२ मध्ये त्यांनी रीतसर मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आत आलं. जगभरातल्या दिग्गजांना ज्यावर मतदान घ्यावं लागलं, तो प्रश्न आपण पाच मिनिटांत 'फॉरमॅट'वर सोडवतो!

मला खटकतं ते इथेच. व्हायव्हाला ओएसआयचे सात थर आपण झोपेतही म्हणून दाखवू. पण कार्ड रुसलं की पहिल्या थरापासून सुरुवात करायचं एकालाही सुचत नाही. कार्ड दिसतंय तरी का? 'एलएसपीसीआय -एनएनके' ही कमांड कार्डाचं नाव सांगते आणि त्याला कुठला ड्रायव्हर लागलाय तेही. 'आरएफकिल लिस्ट' सांगते की रेडिओच कुणी बंद तर केलेला नाही ना. बाकी रडगाणं 'डीमेसेज'मध्ये. आणि सगळ्यात सोपं म्हणजे ग्रबच्या मेनूतल्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन जुन्या कर्नलने मशीन सुरू करणं. अपग्रेडनंतर बहुधा तो शिल्लक असतो. त्यावर वाय-फाय चाललं की कार्ड निर्दोष सुटलं! आमच्या गड्याने फॉरमॅट मारला तेव्हा हा जुना कर्नलही पुसला. औषध आणि पुरावा एकदमच गेले.

विंडोजवाल्यांनी हसू नये. तिथेही डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' असतं, आणि मोठ्या अपग्रेडनंतर साधारण दहा दिवस मागे फिरायची सोय असते. ती आपल्यापैकी किती जणांनी वापरली? डिस्कच बिघडली किंवा व्हायरसने घर केलं तर फॉरमॅट जरूर मारा, माझी ना नाही. पण आधी बॅकअप!

"नेटच नाही तर ड्रायव्हर आणू कुठून?" हा प्रश्न मात्र रास्त. उत्तर आपल्या खिशात असतं. फोन केबलने जोडायचा आणि यूएसबी टेदरिंग चालू करायचं. लॅपटॉपला तो वायरचं नेटवर्क वाटतो, वाय-फायच्या ड्रायव्हरची गरज पडत नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या सरांनी असंच दहा मिनिटांत काम केलं. रिव्ह्यूला दोन दिवसांची मुदतही मिळाली, पण रिपोर्टची चाळीस पानं पुन्हा टाइप करताना गड्याचा चेहरा बघवत नव्हता.

जाता जाता होस्टेलच्या ऑफिसला एक विनंती. वाय-फाय आल्यापासून भिंतीतले लॅन पोर्ट मेलेत. सगळे नकोत, पण मजल्यामागे एक तरी जिवंत करा. आमच्या जिन्यापाशी एक आहे, त्यात सध्या कुणीतरी अगरबत्ती खोचून ठेवलीय.