रेशनची रेघ

महाराष्ट्रात अन्नसुरक्षा योजनेत बसायचे तर शहरी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 59,000 रुपयांच्या आत हवे, गावात 44,000च्या आत. म्हणजे शहरात महिन्याला पाच हजारांहूनही कमी. नवरा सिक्युरिटीत आणि बायको चार घरची धुणीभांडी करते, असे कोणतेही कष्टाळू जोडपे ही रेघ सहज ओलांडते. आणि ती ओलांडली की माणशी पाच किलो मोफत धान्य गेले. शहरी रेघ मुंबईच्या झोपडपट्टीला आणि तालुक्याच्या लहान शहराला एकच. खोलीचे भाडे मात्र एकच नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. तिकडे तमिळनाडूने अशी रेघच मारली नाही. तिथे तांदळाचे कार्ड असलेल्या कुटुंबाला उत्पन्नाचा दाखला न मागता तांदूळ मोफत मिळतो, आणि त्यासाठीचा जादा खर्च राज्य स्वतःच्या तिजोरीतून करते. आपल्याला हे झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्र किती श्रीमंत आहे ते आधी आठवावे. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेमुळे बिहारच्या मजुराला पुण्यात धान्य उचलता येते, ही खरोखर चांगली गोष्ट झाली. पण सोबत येते ते फक्त केंद्राचे धान्य. एखादे राज्य आपल्या लोकांना वर जे देते, ते त्याच राज्यात राहते. तमिळनाडूसारखे जमत नसेल, तर निदान उत्पन्नाची मर्यादा तरी शहरागणिक ठरवा, आणि दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवा. जास्तीचे घरकाम मिळाले म्हणून कोणत्याही बाईला रेशन जाण्याची भीती वाटता कामा नये.