‘फ्लॅचरी’ हे निदान नव्हे

पाचव्या अवस्थेचे पहिले चार-पाच दिवस हा रेशीम संगोपनातील सर्वांत खर्चिक काळ. अळी आपल्या आयुष्यातील एकूण खाद्यापैकी सुमारे ८० टक्के पाला याच अवस्थेत खाते. बाग, पाणी, खत आणि मजुरी यांवरील बहुतेक खर्च तोवर होऊन गेलेला असतो. नेमक्या याच सुमारास काही बेडवरील अळ्या पाला सोडतात, आखडतात, तोंडावाटे हिरवट रस ओकतात. विष्ठा पातळ होते आणि डोक्यामागचा भाग अर्धपारदर्शक दिसू लागतो. दोन-तीन दिवसांत टोपल्या भरभरून मेलेल्या अळ्या बाहेर काढाव्या लागतात. भेटीस आलेला विस्तार कार्यकर्ता नोंदवहीत ‘फ्लॅचरी’ असा शब्द लिहितो आणि प्रकरण तेथेच मिटते.

हा शब्द सोयीचा आहे, आणि म्हणूनच घातक आहे. मूळ फ्रेंच शब्द अळीच्या शिथिल, मऊ पडण्यावरून आला. तो लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. माणसाला जुलाब झाले म्हणून ‘जुलाब’ हेच रोगाचे नाव कोणी ठरवत नाही. रेशीम अळीच्या बाबतीत मात्र दीडशे वर्षे हेच चालले आहे.

लुई पाश्चर १८६५ मध्ये दक्षिण फ्रान्समधील आलेस येथे गेला, तेव्हा तेथील साथ हा एकच रोग समजला जात होता. पाश्चरने त्यातून पेब्रिन आणि फ्लॅचरी हे दोन रोग वेगळे काढले. पेब्रिनसाठी त्याने मादी पतंगाच्या सूक्ष्मदर्शक तपासणीची जी पद्धत घालून दिली, तीच आजही जगभरातील अंडीपुंज निर्मितीचा पाया आहे. फ्लॅचरीग्रस्त अळीच्या आतड्यात त्याला जिवाणूंची गर्दी दिसली. त्यापलीकडे पाहण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते. विषाणू ही संकल्पनाच १८९० च्या दशकात आकाराला आली. या रोगामागे विषाणू असू शकतो हे जपानी संशोधकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले. पाश्चरची ही मर्यादा समजण्यासारखी आहे. आज त्याच मर्यादेत राहणे समजण्यासारखे नाही.

अळीचे मधले आतडे हे या रोगांचे खरे रणक्षेत्र. तेथे प्रामुख्याने तीन विषाणू वाढतात. सांसर्गिक फ्लॅचरीचा विषाणू आतड्याच्या चषकाकार पेशींत वाढतो. त्याचा जनुकीय द्रव्यसाठा आरएनएचा. बायडेन्सोव्हायरस, ज्याला पूर्वी डेन्सोव्हायरस म्हणत, तो स्तंभाकार पेशींच्या केंद्रकात वाढतो. त्याचे द्रव्य डीएनएचे. तिसरा सायटोप्लाझ्मिक पॉलिहेड्रोसिसचा विषाणू. तो पेशीद्रवात बहुफलकी स्फटिक तयार करतो. त्यामुळे चिरून पाहिलेले आतडे पांढुरके दिसते आणि ते स्फटिक साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात.

सारी अडचण पहिल्या दोघांची आहे. त्यांना स्फटिकाचे आवरण नसते आणि त्यांचे कण काही दशक नॅनोमीटर एवढेच असतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते कधीच दिसणार नाहीत. दिसतात ते जिवाणू, कारण विषाणूने आतड्याची भिंत खिळखिळी केली की एरवी निरुपद्रवी असणारे जिवाणू तेथे बेसुमार वाढतात. तपासणाऱ्याला पाश्चरला दिसले तेच दिसते. मग जिवाणूनाशक औषध पाल्यावर फवारून देण्याचा सल्ला दिला जातो. गुराढोरांच्या औषधांच्या दुकानातून आणलेली प्रतिजैविके तुतीच्या पाल्यावर मारली जात असल्याचे चित्र गावोगावी दिसते. जिवाणू काही काळ दबतात, विषाणूचे काही बिघडत नाही आणि प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू संगोपनगृहात निवडले जातात ते वेगळेच.

गोंधळ एवढ्यावर थांबत नाही. शेजारच्या कपाशीवर किंवा सोयाबीनवर झालेल्या फवारणीचा अंश पाल्यावर आला तरी अळ्या ओकतात आणि आखडतात. पाल्यावर बॅसिलस थुरिंजिएन्सिसचे विष आले तरी तसेच. (आज कीडनाशक म्हणून विकला जाणारा हा जिवाणू १९०१ मध्ये जपानमध्ये प्रथम सापडला तो मेलेल्या रेशीम अळीतच.) अनुभवी डोळ्याला फरक काहीसा कळतो. विषबाधा काही तासांत, एका वेळच्या पाल्यानंतर, संपूर्ण बेडवर एकदम येते. विषाणू मात्र आधी अळ्यांचा आकार असमान करतो. काही अळ्या मोल्टवर उशिरा बसतात, उशिरा उठतात आणि मागे पडत जातात. पण उन्हाळ्याच्या शेवटी तापमान व आर्द्रता यांचे हेलकावे सुरू असताना, पाला निबर झालेला असताना, हा फरकही पुसट होतो. तेथे प्रयोगशाळेवाचून गत्यंतर नाही.

चाचण्या नव्या नाहीत. प्रतिपिंडांवर आधारित एलायझा आणि लॅटेक्स कणांची गुठळी पाहणारी चाचणी अनेक वर्षांपासून ज्ञात आहे. बायडेन्सोव्हायरससाठी पीसीआर, सांसर्गिक फ्लॅचरीसाठी आरएनएपासून सुरू होणारी आरटी-पीसीआर, ही तंत्रे आता कृषी विद्यापीठांच्या सामान्य प्रयोगशाळांतही आहेत. उणीव यंत्राची नाही. नमुना कोणता आणि केव्हा, याचा विचार झालेला नाही, ही उणीव आहे.

आज नमुना येतो तो पीक गेल्यानंतर. काळ्या पडलेल्या, पाणी सुटलेल्या अळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून दोन दिवसांच्या प्रवासाने प्रयोगशाळेत पोहोचतात. तोवर विषाणूचा आरएनए बराचसा तुटलेला असतो आणि जिवाणूंनी सर्व व्यापलेले असते. निकाल ‘विषाणू आढळला नाही’ असा आला तर त्याचा अर्थ काहीच होत नाही. तरीही तो कागद पुरावा म्हणून फिरतो. खरा नमुना म्हणजे चॉकी अवस्थेत, दुसऱ्या मोल्टनंतर मागे राहिलेल्या जिवंत, लहानखुऱ्या अळ्या. विषाणू असला तर त्यांच्यात तो सापडण्याची शक्यता सर्वाधिक. चॉकी केंद्रातून अळ्या शेतकऱ्याच्या हाती जाण्याच्या दिवशीच असा नमुना काढता येतो. बर्फात ठेवून, सोबत बॅच क्रमांक, संकराचे नाव आणि तारीख लिहून तो पाठवला, तर पाचवी अवस्था सुरू होण्यापूर्वी निकाल हाती येऊ शकतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : विषाणूवर औषध नाही, मग चाचणी करून उपयोग काय? आक्षेप वजनदार आहे, पण तो औषध आणि उपाय यांची गल्लत करतो. आजारी अळी बरी होणार नाही हे खरे. पण विषाणू आहे हे तिसऱ्या अवस्थेत कळले, तर मागे पडलेल्या अळ्या रोज वेचून चुन्याच्या द्रावणात टाकता येतात, दाटी कमी करता येते आणि बाकीचे पीक वाचवण्याची संधी राहते. पुढच्या पिकापूर्वी संगोपनगृह, ट्रे आणि चंद्रिका चुन्याच्या निवळीत मिसळलेल्या ब्लीचिंग पावडरने नेटाने धुण्याचे कारण कळते. धुळीत आणि वाळलेल्या विष्ठेत हे विषाणू टिकून राहतात.

आणखी दोन गोष्टी केवळ विषाणूचे नाव कळल्यावरच करता येतात. पहिली वाणाची. काही रेशीम वाणांत बायडेन्सोव्हायरसची बाधाच होत नाही. आतड्याच्या पेशीपटलातील एक प्रथिन गळाल्यामुळे ही अबाधितता येते, हे जपानी संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. हा गुण अप्रभावी असल्याने संकराच्या दोन्ही पालकांत तो असावा लागतो. पण हे वाण सांसर्गिक फ्लॅचरीपासून संरक्षण देतील असे मानता येत नाही. नोंदवहीत सरसकट ‘फ्लॅचरी’ लिहिणाऱ्या जिल्ह्याला कोणता संकर द्यावा, हे बीज निर्माता कशावरून ठरवणार?

दुसरी गोष्ट बागेची. तुतीची पाने गुंडाळणाऱ्या ग्लायफोडेस वंशातील अळीमध्ये हे दोन्ही विषाणू जपानमध्ये आढळले आहेत. त्याच वंशातील कीड भारतीय तुतीवरही आहे. गुंडाळलेल्या पानातील तिची विष्ठा पाल्याबरोबर थेट बेडवर येते. संगोपनगृह कितीही धुतले तरी रोग परत येत असेल, तर प्रयोगशाळेत रेशीम अळीबरोबर बागेतील ही अळीही जायला हवी. कीटकशास्त्र आणि रेशीम विभाग यांचे कप्पे वेगळे असल्याने ती सहसा जात नाही.

पीक बुडाले की दोषारोपही ठरलेला असतो. शेतकरी म्हणतो अंडीपुंज खराब होते. अंडीपुंज केंद्र मादी पतंगाच्या तपासणीचा दाखला पुढे करते. चॉकी केंद्र शेतकऱ्याच्या स्वच्छतेकडे बोट दाखवते. तो दाखला पेब्रिनपुरता खरा असतो. आतड्यातील हे विषाणू पेब्रिनप्रमाणे अंड्यातून उतरत नाहीत. ते दूषित पाला, धूळ आणि विष्ठा यांतून तोंडावाटे जातात. म्हणून या प्रश्नावर तो दाखला काहीच सांगत नाही. चॉकीच्या शेवटच्या दिवशीचा एक तपासलेला नमुना निदान एवढे सांगू शकेल, की रोग संगोपनगृहात येण्यापूर्वी होता की नंतर आला.

खर्च कोणी करायचा, हा प्रश्न उरतो. एका शेतकऱ्याने १०० अंडीपुंजांसाठी पीसीआरचे पैसे भरावेत ही अपेक्षा अवास्तव आहे. एका चॉकी बॅचमधून अनेक शेतकऱ्यांना अळ्या जातात. चाचणी बॅचमागे एकच लागते. केंद्रीय रेशीम मंडळाच्या २००६ च्या सुधारणा कायद्यानंतर आलेल्या बीज नियमांखाली चॉकी संगोपकांची नोंदणी होतेच. प्रत्येक बॅच शक्य नसेल, तर ज्या केंद्राच्या अळ्यांबाबत लागोपाठ दोन पिकांत तक्रारी आल्या, तेथून सुरुवात करावी. नमुन्याचा खर्च अळ्यांच्या दरात धरावा आणि निकाल केंद्राच्या फलकावर, बॅच क्रमांकासह लावावा.